बेल्डम म्हणजे चांगली आई

बेल्डम हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा माझा पास संपायला अकरा आठवडे राहिले होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो मी लावला.

आम्ही सिंगापूरला, यिशुन भागात, नवव्या मजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे मुलगा, सून, सतरा वर्षांची नात आणि मी. मुलगा पूर्वी जहाजावर इंजिनिअर होता, आता तुआसला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत आहे. सून चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात जाते. सकाळी सातनंतर घरात मी एकटी असते. इथे राहायची माझी परवानगी मुलाच्या पासला टाचलेली आहे. दर काही वर्षांनी त्याच्या कंपनीने अर्ज भरायचा, की ही बाई याची आई आहे, हिला राहू द्या. अर्ज गेला तर मी राहते, नाही गेला तर जाते.

जायचं कुठे हा खरा प्रश्न. नवरा गेला तेव्हा कराडची भाड्याची जागा सोडली आणि इथे आले, त्याला सहा वर्षं झाली. धाकट्या मुलाचं घर दोन खोल्यांचं आहे आणि त्याच्या बायकोने स्पष्ट सांगितलंय की तिला जमणार नाही. स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात, पण त्यांच्या बोलण्यावर झोपता येत नाही. म्हणजे पास गेला तर वृद्धाश्रम. मी कराडला सरकारी दवाखान्यात वीस वर्षं आया होते. वृद्धाश्रमातून आणलेल्या बायका मी पुसल्या आहेत, त्यांच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या आहेत. मला कोणी बागेचे आणि भजनाचे फोटो दाखवू नयेत.

तर तो शब्द. नात इंग्रजी साहित्य शिकते. तिच्या टीचरने एक काम दिलं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांतला, आता कोणी वापरत नाही असा एक शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, त्याचा अर्थ कसकसा बदलत गेला, ते शोधून मोठा निबंध लिहायचा. त्याचे मार्क धरणार होते. ती दुपारी टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी समोर घेवडा मोडत होते.

"आई, तुला कोणी म्हातारी म्हटलं तर राग येतो?"

नात मला आई म्हणते. का ते पुढे सांगते.

"म्हातारीला म्हातारी म्हटलं तर राग कसला?"

"आणि हॅग म्हटलं तर?"

"म्हणजे?"

"अग्ली म्हातारी. डेंजरस. चेटकीण टाइप."

"कोण म्हणालं मला?"

"कोणी नाही लाह!" लाह हे इथल्या पोरांच्या बोलण्याचं शेपूट. "शब्द आहे माझा. बेल्डम. नाटकात म्हातारी आली की लोक तिला बेल्डम म्हणतात, आणि हाकलून देतात."

"मग हाकला म्हणावं की. त्याला शब्द कशाला हवा?"

ती हसली. मीही हसले. मला वाटलं संपलं.

पण तिसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात. तिला त्या शब्दाचं मूळ सापडलं होतं. बेल म्हणजे फ्रेंचमध्ये सुंदर, चांगलं. डॅम म्हणजे आई. दोन्ही जोडून चांगली आई. पण सख्खी आई नव्हे, आईची किंवा बापाची आई. मान देऊन असं म्हणायचे. मग मुलं सांभाळणाऱ्या बाईला म्हणायला लागले, मग रस्त्यावरच्या कोणत्याही म्हातारीला, मग जी म्हातारी नकोशी झाली आहे तिला. नाटकं लिहिली गेली तोवर त्याची शिवी झाली होती.

"आणि गंमत सांगू? त्याच काळात जुना अर्थपण चालू होता. एका कवितेत आजी, दुसऱ्या नाटकात चेटकीण. सेम वर्ड. सेम टाइम."

"त्यात गंमत काय? बाई एकच असेल. कोणाच्या घरात आहे त्यावर ठरणार."

तिने पेन उचललं. "थांब, थांब. परत बोल हे."

माझं बोलणं कोणी लिहून घेतंय असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी चौथी पास आहे. दवाखान्यात डॉक्टर बोलायचे आणि मी ऐकायचे, घरी नवरा बोलायचा आणि मी ऐकायचे. आता ही पोरगी पेन घेऊन बसली होती. मला ते चढलं, हे कबूल करते.

तिने विचारलं, मराठीत म्हातारीला काय काय म्हणतात. मी सांगत गेले. म्हातारी, डोकरी, थेरडी, जख्ख म्हातारी. दवाखान्यातल्या बायका एकमेकींना काय म्हणायच्या तेही सांगितलं, त्यातले दोन शब्द तिने लिहिले नाहीत. ती मोबाइलमध्ये एकेक शब्द शोधत होती. म्हातारा हा महत्तर या जुन्या शब्दावरून आलाय म्हणे, म्हणजे जास्त मोठा, मानाचा. आणि थेरडी ज्या थेर शब्दावरून आली तो पूर्वी वडीलधाऱ्या साधूंना लावायचे. माझी सासू चिडली की मला "थेरडी होशील तेव्हा कळेल" म्हणायची. ती मला साधू होण्याचा आशीर्वाद देत होती हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी यिशुनमध्ये कळलं.

"आई, हे तर सेम टू सेम आहे! सगळीकडे आधी मान देतात आणि मग शिवी करतात."

"इथेही तेच आहे," मी म्हटलं. "खाली हॉकर सेंटरमध्ये ताटं उचलणारी ती माझ्या वयाची बाई. सगळे तिला आंटी म्हणतात. कोणी बघतं का तिच्या तोंडाकडे?"

तेही तिने लिहिलं.

मग मी म्हणाले, "आणि आपल्या घरातलं लिही ना. आपल्यात आजीला आईच म्हणतात. तुझ्या बेल्डमसारखं."

चूक इथून सुरू झाली. खरं तर पंधरा वर्षांपूर्वीच झाली होती, इथे तिला कागद मिळाला.

आमच्या घरात पद्धत अशी होती, की मूल मोठ्यांचं ऐकून हाक मारायचं. घरातले सगळे जिला आई म्हणतात ती आई. आणि दीर जन्मदात्रीला वहिनी म्हणतात म्हणून मुलाचीही ती वहिनी. माझी सासू जिवंत होती तोवर माझ्या दोन्ही मुलांनी मला वहिनीच म्हटलं. ती गेल्यावर आई हा शब्द रिकामा झाला आणि तो मला मिळाला. तेव्हा मोठा मुलगा अकरा वर्षांचा होता. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आसपासच्या घरांत तेच होतं. रांगेत उभं राहायचं, आपला नंबर आला की घ्यायचं.

नात आठ महिन्यांची असताना सुनेला इथली नोकरी लागली. मुलगा जहाजावर असायचा. त्यांनी नातीला माझ्याकडे कराडला ठेवलं, ती साडेपाच वर्षांची होईपर्यंत. धाकटा तेव्हा माझ्याजवळच होता. तो मला आई म्हणायचा, म्हणून ती आई म्हणायला लागली. तो फोनवर सुनेशी "वहिनी, वहिनी" बोलायचा, म्हणून तिची आई तिची वहिनी झाली.

ती अडीच वर्षांची असताना सून दोन आठवड्यांची रजा काढून आली. बोलणारी बाहुली आणली होती. नातीने बाहुली घेतली, माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आई, ही वहिनी कधी जाणार?" मी हसले. शेजारणी आल्या होत्या, त्याही हसल्या. सून उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. भांडी घासलेलीच होती.

ही तुझी आई आहे, हिला आई म्हण, असं मी पोरीला शिकवू शकले असते. अडीच वर्षांचं मूल आठ दिवसांत शिकतं. मी शिकवलं नाही. मी माझ्या रांगेत अकरा वर्षं उभी राहिले होते. तिनेही राहावं, असं मला वाटत होतं. इथे आणल्यावर सुनेने पोरीला मम्मी म्हणायला शिकवलं. आई मागितलं नाही. तेव्हापासून त्या दुपारपर्यंत या विषयावर घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता.

मी हे सगळं नातीला सांगितलं. बाहुलीचं, वहिनीचं, नळाचंसुद्धा. हसत हसत सांगितलं. तिला ते आठवत नव्हतं. ती म्हणाली, "पुअर मम्मी," आणि लिहीत राहिली.

त्याच आठवड्यात सून मला खालच्या दुकानात फोटो काढायला घेऊन गेली होती. पासच्या अर्जाला पांढऱ्या पडद्यावरचा फोटो लागतो. घरातली कागदपत्रं तीच बघते. मुलगा फक्त सही करतो आणि कंपनीतल्या एचआरला पाठवतो. फोटोवाल्याने कान दिसले पाहिजेत म्हणून सांगितलं, तर सुनेने स्वतः माझे केस कानामागे घेतले. येताना म्हणाली, "रविवारी फॉर्म भरून टाकू या, आई. उगाच शेवटच्या क्षणाला नको." म्हणजे अर्ज जाणार होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. सून वाईट बाई नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर ती टेबलावर कागद घेऊन बसली. माझा पासपोर्ट, फोटोंचं पाकीट. नात म्हणाली, "मम्मी, आधी माझा एसे वाच ना. उद्या ड्राफ्ट टीचरला दाखवायचाय." तिचा प्रत्येक निबंध सून वाचते, तिचं इंग्रजी चांगलं आहे. तिने पासपोर्ट बाजूला सारला आणि लॅपटॉप पुढे ओढला. मुलगा सोफ्यावर मोबाइलमध्ये मॅच बघत होता. मी सुनेच्या समोर बसले होते.

ती वाचत होती. मधे एकदा हसली, म्हणाली, "थेरडीचं छान आहे हं." मग पुढे वाचत गेली आणि तिचा हात थांबला. तिने ते परत वाचलं, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं.

"आई, हे तुम्ही सांगितलंत हिला?"

"काय?"

तिने वाचलं, इंग्रजीतून मराठी करत. "आमच्या घरात आई हा मान आधी आजीचा. माझ्या आईला तो मिळालाच नाही. माझी पहिली पाच वर्षं ती आमच्या घरातली पाहुणी होती, आणि मी तिला ती कधी जाणार असं विचारत असे."

मोबाइलमधला मॅचचा आवाज तेवढा चालू होता.

"मम्मी, इट्स जस्ट अ‍ॅन एक्झाम्पल लाह," नात म्हणाली. "शब्द कसे फिरतात त्याचं."

"तू गप्प बस." मग माझ्याकडे. "पाहुणी म्हणालात तुम्ही मला?"

"पाहुणी मी नाही म्हटलं. ते तिचं. बाकीचं खरं आहे."

"खरं आहे म्हणून शाळेत द्यायचं? तिची टीचर वाचणार?"

"जाऊ दे ना गं," सोफ्यावरून मुलगा म्हणाला. "टीचरला काय कळतंय आपलं."

"तुला तरी काय कळलं होतं? तू बोटीवर होतास." मग ती पुन्हा माझ्याकडे वळली. तिचा आवाज वाढला नव्हता. वाढला असता तर बरं झालं असतं. "रोज लंच टाइमला मी टॉयलेटमध्ये जाऊन फोन करायचे तुम्हाला. आठवतंय? आणि तुम्ही पोरीला म्हणायचात, घे, वहिनीचा फोन आहे. पाच वर्षं, आई. एकदा तरी म्हणायचं होतं, तुझ्या आईचा फोन आहे."

तिने मला सरळ वाट काढून दिली होती. हो, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. दवाखान्यात अनोळखी बायकांचे पाय धरून मी असं काय काय बोललेली आहे, सुई टोचताना हात हलला म्हणून, पाणी द्यायला उशीर झाला म्हणून. इथे जीभ उचलली नाही. नातीसमोर उचलली नाही. ती समोर बसली होती, पेन हातात घेऊन.

मी म्हटलं, "मी सांभाळली नसती तर तुझी नोकरी राहिली असती का?"

सुनेने लॅपटॉप नातीकडे सरकवला. "तो भाग काढ," म्हणाली. माझा पासपोर्ट आणि फोटोंचं पाकीट उचलून तिने कपाटाच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. चहा केला. मलाही दिला. साखर बरोबर होती.

नंतरचे आठवडे घरात भांडण झालं नाही. मुलगा तुआसहून यायचा, जेवायचा. मी विचारलं की "बघतो" म्हणायचा. एचआरची बाई रजेवर आहे, सिस्टिम बदलते आहे, असं काही सांगायचा. तो लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतो. पाच आठवडे राहिले तेव्हा एका सकाळी, बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, या वेळी अर्ज नको टाकू या. तू जरा जाऊन ये. पुण्याजवळ एक चांगलं सीनिअर होम आहे, माझ्या मित्राचे वडील आहेत तिथे. बाग आहे. वर्षभराने बघू."

"बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "बायकोशी बोललास?"

"तिने काहीच म्हटलेलं नाही. खरंच. ती म्हणाली, तुझी आई आहे, तू ठरव."

त्याने ठरवलं होतं. तुझी आई असं ती म्हणाली, तिथेच ठरलं होतं.

मी भांडले नाही. माझी बाजू काय आहे हे मी मनातल्या मनात खूप वेळा मांडून बघितलं. पोर सांभाळली, रात्री जागले, गोवर आला तेव्हा दहा दिवस मांडीवर घेऊन बसले. सगळं खरं आहे. आणि हे सगळं करताना मी एका बाईची एक गोष्ट घेतली आणि पंधरा वर्षं परत दिली नाही, हेही खरं आहे. दोन्ही एकाच बाईने केलं. बेल्डमच्या निबंधात हे बसलं असतं, पण तो दिलेला होता.

निबंधाला चांगले मार्क पडले. नातीने मला सांगितलं नाही, मी सुनेला फोनवर कोणाला तरी सांगताना ऐकलं. मी नातीला विचारलं, माझं त्यात काय राहिलं. ती म्हणाली, घरातला भाग काढला, मग मराठीचा बाकी भाग एकटा पडला, म्हणून टीचर म्हणाली तोही काढ. इंग्रजीतलंच ठेवलं. फ्रेंच आणि इंग्रजी.

"आणि ते हॉकर सेंटरमधल्या आंटीचं?"

"तेपण काढलं."

"बरं केलंस," मी म्हटलं. तिने खाली बघितलं. ती वाईट पोरगी नाही. तिला याच घरात राहायचं आहे आणि तिची आई याच घरात आहे.

सीनिअर होमचा फॉर्म सुनेने भरला, नीट, सगळी औषधं लिहून. त्याला दोन फोटो लागत होते. खणातलं पाकीट काढलं. पांढरा पडदा, केस कानामागे. तेच लावले.

आता नऊ दिवस राहिलेत. परवा मी माझ्या खोलीत कपडे घड्या करत होते. सून स्वयंपाकघरात होती, नात हॉलमध्ये. हॉलमधून नातीने हाक मारली, "आजी!" मी साडीची घडी करत राहिले. "आजी!" मला वाटलं टीव्हीवर कोणी आहे, किंवा ती फोनवर बोलते आहे. मी पुढची साडी घेतली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सून ऐकत होती.

मग पोरगी दारात येऊन उभी राहिली. चेहरा लाल झाला होता.

"आजी," ती म्हणाली, "बॅग वजन करायची आहे. आण ना."

शब्द बरोबर आहे. सगळं जग आजीला आजीच म्हणतं. चूक काढायला कुठे जागा नाही. पंधरा वर्षांपूर्वी मीच शिकवायला हवा होता.

"आले," मी म्हटलं, आणि बॅग ओढत बाहेर नेली.